खालच्या गल्लीला आमंत्रण नाही

२१ नोव्हेंबर, सोमवार. धुळे

आजपासून दोन वह्या. निळी वही म्हणजे फील्ड डायरी, ती दर आठवड्याला रोनक सरांना दाखवायची. ही लाल वही माझी. हिच्यात खरं लिहायचं.

तर खरं असं की मी, अभिमन निंबा बोरसे, वय एक्केचाळीस, राज्यशास्त्राचा प्राध्यापक, तोही तासिका तत्त्वावर, बारा वर्षांपासून. पीएच.डी.चं सातवं वर्ष चालू आहे. पहिले मार्गदर्शक निवृत्त झाले, दुसरे नाशिकला निघून गेले, आणि तिसरे डॉ. रोनक ओस्तवाल माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आहेत. मी त्यांना सर म्हणतो, ते मला 'बोरसे' म्हणतात. चालायचंच. कॉलेजात एक कायमची जागा निघाली आहे आणि ३१ जानेवारीच्या आत प्रबंध जमा झाला तरच माझा अर्ज धरणार आहेत. म्हणजे ७१ दिवस.

विषय आहे : धोरणविषयक माहितीची उपलब्धता आणि मतदानाचे प्रमाण. सोप्या भाषेत, ग्रामपंचायत काय करणार आहे हे लोकांना कळलं तर ते जास्त मतदान करतात का? सात वर्षं मी 'करतात' असं पुस्तकांतून लिहून नेत होतो. रोनक सर म्हणाले, "बोरसे, पुस्तकं पुरे. एक गाव घ्या. अर्ध्या गावाला माहिती द्या, अर्ध्याला देऊ नका. मग टक्के मोजा."

गाव मीच सुचवलं. धरणगाव तालुक्यातलं कळमखेडे, म्हणजे माझी सासुरवाडी. ओळखीचं गाव, दोनच गल्ल्या, दोनच मतदान केंद्रं, १८ डिसेंबरला निवडणूक. मागच्या वेळी वरच्या गल्लीत ६३ टक्के, खालच्या गल्लीत ६२. असं जुळं गाव शोधून सापडायचं नाही!

कुठल्या गल्लीला माहिती द्यायची हे सरांनी केबिनमध्ये छापा-काटा करून ठरवलं. छापा पडला. वरच्या गल्लीला माहिती, खालच्या गल्लीला काही नाही.

भटूआबांचं घर, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, खालच्या गल्लीत आहे.

सर म्हणाले, "खालच्या गल्लीला हात लावायचा नाही. पत्रक नाही, चर्चा नाही, आणि तुम्ही घरचे जावई, तर जाणंयेणंच नको. जीभ कधी घसरेल सांगता येत नाही." मी 'हो सर' म्हणालो. हे घरी पुनमला सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती. "म्हणजे महिनाभर तुम्ही गावात जाणार आणि आईकडे पाणीही पिणार नाही?" मी म्हणालो, "शास्त्र आहे." ती पुन्हा मेथी निवडायला लागली. समजूतदार आहे.

२३ नोव्हेंबर, बुधवार. धुळे

पत्रक छापून आलं. देखणं निघालं! छापखान्यात लग्नसराईमुळे साधा कागद शिल्लक नव्हता, म्हणून पत्रिकांसाठी आणलेला हळदीच्या रंगाचा कागद वापरला. कोपऱ्यात छोटा गणपतीही आहे, त्याचे वेगळे काही घेतले नाहीत. एकूण सहा मुद्दे. ग्रामसभा कधी होते, दिवाबत्ती कुणाकडे, शाळेची भिंत, गटार वगैरे. सगळं ग्रामपंचायतीच्या आराखड्यातून शब्दशः उचललेलं, कुणा उमेदवाराचं नाव नाही. सहावा मुद्दा पाण्याचा : नवी टाकी वरच्या गल्लीत बांधणार, तिची पाईपलाईन आधी वरच्या गल्लीत टाकणार, खालच्या गल्लीला पाच वर्षांनी. मात्र नवी ग्रामपंचायत ग्रामसभेत ठराव करून हा क्रम बदलू शकते.

शेवटी जागा उरली होती. कोरी जागा वाईट दिसते, म्हणून मी मनाने एक ओळ घातली : 'तरी आपण सहकुटुंब येऊन मतदान करावे ही आग्रहाची विनंती.' शोभून दिसते.

पुनमने एक पत्रक मागितलं. फडताळात अंथरायला म्हणे. मी दिलं. सात वर्षांत माझ्या संशोधनाचा घरात काही उपयोग झाला, हे पहिल्यांदाच.

२६ नोव्हेंबर, शनिवार. कळमखेडे

सकाळच्या एसटीने अमळनेरमार्गे. वरच्या गल्लीत चौऱ्याहत्तर घरं. आज पस्तीस केली. प्रत्येक घरी पत्रक द्यायचं, सहा मुद्दे वाचून दाखवायचे, निघायचं. एका घराला सहा मिनिटं धरली होती.

कसली सहा मिनिटं! मी गावचा जावई. जावई दारात आला म्हणजे बाज टाकणार, चहा टाकणार, 'पुनम कशी शे?' विचारणार, आणि मग मी सहा मुद्दे वाचणार. एकोणीस कप चहा झाला. विसाव्या घरी मी हात जोडले तर म्हातारी म्हणाली, "आमना घरना चहा कडू शे का?" प्यालो. नवलभाऊंनी, म्हणजे वरच्या गल्लीचं मोठं प्रस्थ, माझ्या डोक्यावर टोपी घातली आणि खांद्यावर टॉवेल टाकला. पत्रक त्यांनी देवघरात गणपतीपुढे ठेवलं. वरच्या गल्लीत बहुतेक सगळ्यांनी ते तिथेच ठेवलं. माहितीला इतका मान मी कधी पाहिला नव्हता.

परत निघताना चौकात भटूआबा उभे होते. टोपी-टॉवेलासकट मी. ते माझ्याकडे बघत होते आणि मी, नियम तो नियम, झुंबरलाल शेठच्या दुकानावरची बिस्किटांची जाहिरात वाचत पुढे गेलो. कान तापले होते. निळ्या वहीत लिहिलं : 'नियंत्रित गटाशी संपर्क टाळला.'

२८ नोव्हेंबर, सोमवार. धुळे

पुनम आईशी फोनवर पाऊण तास बोलत होती. मी आत पेपर तपासत होतो, कानावर तुकडे पडत होते. "आई, सहावं नीट ऐक. परत सांगू?" पापडाचं माप असावं. नागलीच्या पापडात माप चुकलं की सगळं फसतं.

३० नोव्हेंबर, बुधवार. धुळे

अरे देवा.

दुपारी दार वाजलं. भटूआबा! सोबत अर्धं पोतं भरताची वांगी, एक सफारीचं कापड आणि खालच्या गल्लीतले आणखी दोघे पाहुणे. आबा खुर्चीवर बसेनात, खाली सतरंजीवर बसले.  मग एका पाहुण्याने घसा साफ केला. "जावाईबुवा, आमनं काही चुकनं व्हयी त पोटमा घाला."

मला काही कळेना. मग कळलं. गावभर झालं आहे की जावई रुसला! वरच्या गल्लीत घरोघर चहा पितो आणि सासऱ्याच्या दारावरून तोंड फिरवून जातो. का रुसला यावर खालच्या गल्लीत तीन मतं आहेत. एक, धोंड्याच्या महिन्यात अंगठी हलकी दिली. दोन, मेव्हण्याच्या लग्नात फेटा शेवटी बांधला. तिसरं मत आबांनी सांगितलं नाही, नुसते जमिनीकडे बघत राहिले.

मी म्हणालो, "आबा, मी अजिबात रुसलो नाही. हे संशोधन आहे."

"हां," आबा म्हणाले. "संशोधन. मना साडू बी असाच रुसना व्हता. सात वरीस."

काय सांगणार? पत्रकाबद्दल बोललो तर गट बिघडतो. नियम सांगितला तर 'कसला नियम' हा प्रश्न येतो. मी सफारीचं कापड परत दिलं. ते परत दिलं म्हणजे राग पक्का, हे मला नंतर पुनमने सांगितलं. वांगी मात्र ठेवून घेतली. तिने भरीत केलं, चांगलं झालं होतं, पण मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. आबा जाताना दारात म्हणाले, "तुमनी सासू दोन दिन जेवनी नही नीट." हे निळ्या वहीत कुठल्या रकान्यात लिहू?

३ डिसेंबर, शनिवार. कळमखेडे

उरलेली एकोणचाळीस घरं केली. आज चहाला ठाम नकार देऊन दूध प्यालो. दुपारी सोडा प्यालो.

पुनम चार दिवसांसाठी माहेरी आली आहे. कापूस वेचायला मजूर मिळत नाहीत, आईला मदत, असं कारण. मी तिला बजावलं, "तिथे पत्रकाचा विषय काढायचा नाही." ती म्हणाली, "मी कशाला काढू? मला काय त्यातलं कळतं?" तेही खरंच.

हापशीजवळून जाताना यशोदाबाई दिसल्या, माझ्या सासूबाई. गावात एकच हापशी, चौकाच्या अलीकडे, आणि खालची गल्ली तिथून उतारावर. कमरेवर हंडा, मोकळा हात गुडघ्यावर. दोन पावलं चालायचं, थांबायचं, परत दोन पावलं. माझा पाय पुढे पडलाच होता. त्यांनी मला बघितलं, पदर ओढला, आणि लांबूनच म्हणाल्या, "पाव्हना, इकडे देखू नका. तुमना काही नेम शे ना, तो मोडी जाई." आणि बाभळीकडून लांबच्या वाटेने गेल्या. माझा नेम मोडू नये म्हणून! हंडा घेऊन!

मी तिथेच उभा राहिलो. सहावा मुद्दा माझ्या खिशात होता.

६ डिसेंबर, मंगळवार. धुळे

काही नाही. परीक्षेचं पर्यवेक्षण. तीन तास मुलांकडून एकमेकांकडे माहिती पोचू नये म्हणून पहारा दिला. आजकाल माझं सगळीकडे हेच काम झालं आहे.

११ डिसेंबर, रविवार. कळमखेडे

मोठी बातमी. खालच्या गल्लीने मतदानावर बहिष्कार टाकला!

चौकात फळ्यावर खडूने लिहिलं आहे, 'खालची गल्ली मतदान करणार नाही.' मी झुंबरलाल शेठच्या दुकानात साखर घेण्याच्या निमित्ताने चौकशी केली. शेठ दोन्ही गल्ल्यांना उधार देतात, म्हणून कुणाचीच बाजू घेत नाहीत. ते म्हणाले, "सरजी, तुम्ही वरच्या गल्लीला पत्रिका वाटली. हळदीचा कागद, वर गणपती, खाली सहकुटुंब या. चौऱ्याहत्तर घरी स्वतः गेले, चहा प्याले. खालच्या गल्लीत एक घर केलं नाही. आता त्यांचं म्हणणं, आमंत्रण त्यांना, तर मतदानही त्यांनीच करावं. बिनबोलावता पंगतीला कोण बसतं?"

"अहो शेठ, ती पत्रिका नाही, माहितीपत्रक आहे!"

शेठ वजनाकडे बघत म्हणाले, "हो. पण दिसायला पत्रिका आहे."

खालच्या गल्लीत बैठक झाली, आबांच्याच ओट्यावर. आबा म्हणे उभे राहून म्हणाले, "बलावनं नही त मतदान नही. बठ्ठी गल्ली एक शे." उमेदवार दोन्ही बाजूंचे येऊन हात जोडून गेले, एकाने तर भरीत-पुरीचं जेवण लावलं. खालच्या गल्लीचा एक माणूस गेला नाही. भरीत-पुरीला! म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

१२ डिसेंबर, सोमवार. धुळे

रोनक सरांना सांगितलं. मला वाटलं, चिडतील. सर खुर्चीतून उठले. "म्हणजे माहिती दिली तिथे समजा सत्तर टक्के आणि नाही दिली तिथे शून्य? बोरसे, असा निकाल जगात कुणाला मिळाला नसेल. तुम्ही काही करू नका. तोंड उघडू नका. प्रबंध महिन्यात लिहून होईल."

बाहेर आलो तर पाय जमिनीवर नव्हते. शून्य! देवपूरच्या रस्त्यावर दोन वेळा स्वतःशी हसलो. कायमची जागा. केबिन नाही मिळाली तरी कपाट मिळेल, त्यावर माझं नाव. डॉ. अभिमन बोरसे.

घरी येऊन पुनमला सांगितलं. ती भाकरी थापत होती. "शून्य म्हणजे खालच्या गल्लीचं कुणीच मत देणार नाही. मग निवडून कोण येणार?" मी म्हणालो, "वरच्या गल्लीला हवे ते." "मग टाकीचं काय ठरणार?" मी म्हणालो, "ठरलंय तसंच राहणार." तिने भाकरी उलटली आणि म्हणाली, "बरं."

फक्त 'बरं'. सतरा वर्षं संसार झाला, तिचं 'बरं' मला अजून कळत नाही. पण जेवण बेचव लागलं.

टाकीचं तिला कसं माहीत? मीच कधी बोललो असेन.

१४ डिसेंबर, बुधवार. धुळे

तीन दिवस नीट झोप नाही. डोळे मिटले की तो हंडा. शास्त्र म्हणतं, संशोधकाने हस्तक्षेप करू नये. ठीक आहे. पण मी हस्तक्षेप करून बसलोच आहे ना? पिवळा कागद मी छापला. 'सहकुटुंब' मी घातलं. वरच्या गल्लीत चहा मी ढोसला. त्यांचं मत मी अडवून बसलोय, आणि वर त्याच्या मोबदल्यात मला कपाट हवं आहे!

यशोदाबाई आणखी पाच वर्षं त्या उतारावरून हंडा नेणार, गुडघे आत्ताच गेलेत. आणि त्यांना माहीतही नाही की हे मताने बदलू शकतं. ज्याला माहीत आहे तो त्यांचा जावई आहे, आणि तो गप्प आहे कारण केबिनमध्ये एक नाणं छाप्यावर पडलं. लाज वाटते, झालं. इथे स्पष्टच लिहितो.

पुनमला विचारलं, "तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?" ती म्हणाली, "मी तर तुमच्या जागी नाहीच ना. माझं माझ्या जागेवरून जे होईल ते मी करते." मग म्हणाली, "उद्या गुरुवार, तुम्हाला तास नाहीत. नऊची एसटी आहे."

१५ डिसेंबर, गुरुवार. कळमखेडे

केलं.

दिवसभर सगळे रानात, म्हणून संध्याकाळी साडेपाचला खालच्या गल्लीत शिरलो. बायका वेचणीहून आलेल्या, अंगावर कापसाचे धागे. पहिलंच घर आबांचं. आबा ओट्यावर होते. मी चपला काढल्या, वाकून पाया पडलो आणि म्हणालो, "आबा, रुसलो नव्हतो. मूर्ख होतो. चहा मिळेल का?"

 आबा आत वळून इतक्या मोठ्याने ओरडले की समोरच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली : "चहा टाका वं! जावाई उना!"

पाच मिनिटांत गल्ली जमली. मी ओट्यावर उभा राहून पत्रक वाचलं. सात वर्षांचं काम मी माझ्याच तोंडाने मोडत होतो. एक ते पाच मुद्द्यांना पुरुष 'हां हां' करत होते. बायका मात्र चुळबुळत होत्या. पाचव्याला मी जरा लांबण लावली तर मागून एक आजी म्हणाली, "गटार ऱ्हाऊ द्या वो, सहावं वाचा." मी सहावं वाचलं. पुरुष दचकले. आबा म्हणाले, "परत वाचा." परत वाचलं. "म्हणजे टाकी त्यासनी आनि हापशी आमनी? आखो पाच वरीस? आनि हाई बदलाई जास?"

"बदलतं आबा. नवी बॉडी आली की ग्रामसभेत ठराव करून."

बायका एकमेकींकडे बघत होत्या, पण अजिबात दचकल्या नाहीत. मी सहावा मुद्दा पुरा करायच्या आतच त्यांच्या माना हलत होत्या. खानदेशी बाईची आकलनशक्ती जबरदस्त आहे, यावर कुणीतरी संशोधन करायला हवं.

मग मी चौकापर्यंत चालत एकेका घरी गेलो, हात जोडले, 'रविवारी सहकुटुंब या' म्हणालो. सगळी एक्काहत्तर घरं. रात्री उशिरापर्यंत, प्रत्येक घरी घोटभर चहा. एकालाही नाही म्हटलं नाही.

निळी वही आज कोरी.

१८ डिसेंबर, रविवार. कळमखेडे

मतदान. मी शाळेसमोरच्या निंबाखाली दिवसभर बसून होतो.

खालची गल्ली सात वाजताच आली, लग्नाला निघाल्यासारखी. बायकांनी ठेवणीतली पातळं नेसलेली, म्हातारे टोप्या बदलून. नव्वदीची एक आजी नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून आली आणि केंद्राच्या दारात मला म्हणाली, "बलावनं व्हतं म्हनीसन उनू, नही त कोन येस." यशोदाबाईंनी बोटाची शाई मला लांबून दाखवली, आणि मग, नेम संपला आहे हे आठवून, जवळ येऊन दाखवली.

वरची गल्ली? अकरा वाजेपर्यंत शुकशुकाट. मी न राहवून नवलभाऊंच्या मळ्यात गेलो. तिथे तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजणं चाललं होतं, अर्धी गल्ली हजर. "भाऊ, मतदान?"

नवलभाऊ वांगं उलटत म्हणाले, "जासूत ना. गडबड कसानी? तुम्हीच त वाची दाखाडं, टाकी आमनाच गल्लीमा शे, पाईपलाईन बी आमनीच पहिले. बठ्ठं लिखेल शे. मंग आते मत दिसन आखो काय मिळी?" आणि मला बसवून भरीत वाढलं. मी खाल्लं. काय करणार, माझ्याच माहितीचा परिणाम होता तो.

२० डिसेंबर, मंगळवार. धरणगाव

मोजणी झाली. केंद्रवार टक्के उतरवून घेतले.

माहिती दिलेली वरची गल्ली : ५४.
माहिती द्यायची नव्हती ती खालची गल्ली : ९३.

सरपंच खालच्या गल्लीची, रूपाताई. गुलालात आबा ओळखू येत नव्हते. मीही लाल झालो आणि तसाच एसटीत बसलो. कंडक्टर म्हणाला, "निवडून आले का साहेब?" मी म्हणालो, "नाही, पडलो."

२२ डिसेंबर, गुरुवार. धुळे

रोनक सरांपुढे निळी वही ठेवली, आणि मग, काय झालं कुणास ठाऊक, ही लाल वहीसुद्धा ठेवली. सर तासभर वाचत होते. मधे दोनदा खोकले. ते हसू होतं की खोकला, कळलं नाही.

मग म्हणाले, "बोरसे, तुम्ही नक्की काय वाटलंत? माहिती की आमंत्रण?"

"माहिती सर. शेवटची एक ओळ सोडली तर."

"तो कागद, तो गणपती, तो चहा, तो टॉवेल. आणि ज्या गल्लीला काही द्यायचं नव्हतं तिथे तुम्ही घरोघर जाऊन हात जोडले. हा निकाल मला कुठेच वापरता येणार नाही." सरांनी दोन्ही वह्या बंद केल्या. "दोन रस्ते आहेत. जुन्या पुस्तकांवर कसाबसा प्रबंध ३१ जानेवारीपर्यंत जोडा, मी सही करतो. नाहीतर हे जे घडलं ते सगळं खरं लिहा. त्याला वर्ष लागेल. जागा थांबणार नाही."

घरी चालत आलो. पुनमला दोन्ही रस्ते सांगितले. मला वाटलं, पहिलाच म्हणेल. बारा वर्षं तिने तासिकेच्या पगारावर घर चालवलं आहे, तिला हक्क आहे. ती म्हणाली, "जोडलेला प्रबंध तुम्ही वर्गात मुलांना दाखवाल का?" मी म्हणालो, "नाही." "मग झालं तर." आणि नंतर तोंड फिरवून तिने डोळे पुसले. मीही पुसले. कपाट गेलं हो.

मुदतवाढीचा अर्ज लिहिला.

२६ जानेवारी, गुरुवार. कळमखेडे

झेंडावंदनानंतर ग्रामसभा. मी कोपऱ्यात, पाहुणा म्हणून. सरपंच रूपाताईंनी पहिलाच ठराव टाकीचा मांडला : पाईपलाईन दोन्ही गल्ल्यांत एकदमच, आणि सुरुवात उताराकडून. बायकांचे हात सगळ्यात आधी वर गेले. वरच्या गल्लीतून नवलभाऊ उठले, "आमनं काय चुकनं?" असं विचारून बसले. मंजूर.

दुपारी आबांकडे जेवण. कळण्याची भाकरी, भरीत, आणि ते सफारीचं कापड पुन्हा माझ्यापुढे. या वेळी घेतलं. पाणी हवं होतं म्हणून मी स्वतःच आत गेलो. फडताळातून तांब्या काढला, आणि तांब्याखालचा कागद माझ्याकडे बघत होता.

हळदीच्या रंगाचा. कोपऱ्यात गणपती. कडेला पिठाचे अंगठे. सहाव्या मुद्द्याखाली निळ्या पेनाने दोन रेघा, आणि समासात पुनमचं अक्षर : 'आई, हे हापशीवर सगळ्यांना सांग.' खाली तारीख, २४ नोव्हेंबर.

मी तो कागद हातात धरून उभाच राहिलो. पापडाचं माप. कापूस वेचणी. 'सहावं वाचा.' 'बरं.' अरे, अख्ख्या खालच्या गल्लीच्या बायकांना माझं पत्रक माझ्याआधी पाठ होतं! मी वरच्या गल्लीत पहिला कप प्यालो त्याच्याही आधी हा कागद माहेरी निघाला होता! सात वर्षं, दोन वह्या, छापा-काटा, आणि माझा नियंत्रित गट माझ्याच फडताळातून...

चुलीपाशी यशोदाबाई होत्या, आणि पुनम ताटं पुसत होती, नको तितकी मन लावून. मी म्हणालो, "आई, तुम्हाला सगळं माहीतच होतं! मग बहिष्कार कशाला? मतदान का नाही म्हणालात?"

यशोदाबाईंनी भाकरी तव्यावर टाकली. पाण्याचा हात फिरवला. घाई नाही.

"माहीत त व्हतं," त्या म्हणाल्या. "पन त्या कागदमा लिखेल शे ना, सहकुटुंब या. बलावनारा कोठे व्हता?"

पुनम म्हणाली, "हेच लिहा प्रबंधात." मी कागद परत तांब्याखाली ठेवला आणि बाहेर येऊन आबांशेजारी बसलो. चहा आला.